जन्मतः उलटलेल्या पापण्या : रेफर करेपर्यंत डोळे कसे सांभाळायचे?

कयाधूकाठ (वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय, हिंगोली जिल्हा)

नमस्कार. पूर्ण दिवसांचं बाळ, साधी डिलिव्हरी, वजन २.७ किलो, जन्मताच रडलं. वरच्या दोन्ही पापण्या बाहेर उलटलेल्या आहेत आणि आतलं लाल अस्तर सुजून दोन गोळ्यांसारखं बाहेर आलंय. डोळा दिसतच नाही. रडलं की गोळे फुगतात, निजलं की थोडे बसतात. पू नाही, रक्त नाही. अंगावर नीट पितंय, शी-शू झाली आहे. आत्ता वय १४ तास.

आमच्याकडे नेत्रतज्ज्ञ आठवड्यातून एकदा येतात. अँब्युलन्स सांगून ठेवली आहे. ती येईपर्यंत आणि रस्त्यात डोळ्यांवर नेमकं काय ठेवायचं? पापणी आपणच सुलटी करून पाहावी का? आत बुबुळ शाबूत असेल का? उद्या कावीळ वाढून निळ्या दिव्याखाली ठेवायची वेळ आली तर अशा डोळ्यांवर पट्टी कशी बांधायची? घरचे फार घाबरलेत. ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं, असं आजी म्हणतायत आणि बाळंतीण सारखी रडतेय. त्यांना काय सांगू?

मांजराकाठ (नेत्रतज्ज्ञ, लातूर)

डॉक्टर, दिसायला हे जितकं भयंकर तितकं बाळाच्या नजरेला घातक नसतं, हे घरच्यांना आधी सांगा. वरची पापणी जन्मतः अशी उलटणं दुर्मीळ आहे, पण नवं नाही. ॲडम्स यांनी १८९६ मध्येच त्याचं वर्णन करून ठेवलंय. बहुतेक बाळांच्या पापण्या शस्त्रक्रियेशिवाय, ओलावा आणि निगुतीच्या देखभालीवर, काही दिवसांत ते तीन-चार आठवड्यांत जागेवर येतात. तो लाल गोळा म्हणजे पापणीच्या आतलं अस्तर, कंजंक्टायव्हा. तेच सुजून बुबुळावर गादीसारखं पसरतं, म्हणून आतलं बुबुळ बहुधा स्वच्छ सापडतं. बहुधा म्हणतोय. तपासल्याशिवाय धरून चालू नका.

सूज का उतरत नाही ते बघा. पापणी उलटली की तिची कड गोळ्याच्या मुळाशी फासासारखी बसते. डोळा मिटणारा गोल स्नायू बाळ रडलं की आकसतो आणि फास आवळतो. शिरांमधलं रक्त मागे फिरत नाही, अस्तरात पाणी साठतं, गोळा वाढतो, आणि वाढलेला गोळा पापणीला परत वळू देत नाही. म्हणून तीनच गोष्टींच्या मागे लागायचं. अस्तर वाळू द्यायचं नाही, सूज उतरवायची, आणि बाळाला रडू द्यायचं नाही. तिसरीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. भुकेची वाट न बघता पाजा, अंगावरची तपासणी आणि टोचणं एकाच वेळी उरका, बाळाला गुंडाळून आईजवळच ठेवा.

आत्ता करायचं ते असं. हात धुवा, निर्जंतुक हातमोजे घाला. ०.९ टक्के सलाईनची नवी बाटली फोडा आणि सिरिंजने हलकी धार सोडून गोळे धुवा. पुसू नका, ते अस्तर नाजूक असतं, घासलं की रक्त येतं. मग डोळ्यांसाठीचंच टोब्रामायसिन ०.३ टक्के किंवा एरिथ्रोमायसिन ०.५ टक्के मलम, साधारण एक सेंटिमीटर पट्टा, पूर्ण गोळ्यावर पसरेल असं, दर सहा तासांनी. मधल्या वेळात कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज ०.५ टक्के (कृत्रिम अश्रू), प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब, दर एक-दोन तासांनी. वरून सलाईनमध्ये भिजवलेलं निर्जंतुक गॉज नुसतं ठेवायचं, दाबायचं नाही. एवढ्यावर प्रवास नीट होतो.

ट्यूबवरचं नाव दोनदा वाचा. बऱ्याच ठिकाणी कपाटात अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेली ट्यूब पडलेली असते आणि घाईत तीच हाती येते. बुबुळावर ओरखडा असेल तर स्टेरॉइडने जखम भरत नाही आणि जंतूंना मोकळं रान मिळतं.

पापणी सुलटी करायचा प्रयत्न आत्ता, गोळे टरारलेले असताना, करू नका. ओढाताण झाली की सूज वाढते आणि बाळ रडून रडून होती तीही जागा घालवतं. सूज निम्म्यावर आली की ते काम सोपं होतं. तेव्हा डोळा बधिर करणाऱ्या प्रोपॅराकेन ०.५ टक्केचा एक थेंब टाकून अर्धा मिनिट थांबायचं, मलम भरपूर लावायचं, एका हाताने पापणीच्या कडेला धरून ती खाली आणि डोळ्यापासून किंचित दूर घ्यायची आणि दुसऱ्या हातातल्या मलम लावलेल्या कापसाच्या काडीने अस्तर आत सारायचं. पापणी बसली की डोळा पूर्ण मिटला आहे ना हे बघून वरून मऊ पॅड. डोळा अर्धवट उघडा राहून पॅड बुबुळावर घासलं तर आपणच जखम केली असं होतं. पॅड जास्तीत जास्त २४ तास, मग काढून बुबुळ बघायचंच.

सूज उतरवायला ५ टक्के सोडियम क्लोराइडचे डोळ्याचे थेंब मिळतात. मिठाचं प्रमाण जास्त असल्याने ते अस्तरातलं पाणी बाहेर ओढतात. दिवसातून चार ते सहा वेळा चालतात, पण बुबुळ तपासल्यानंतरच. शिरेतून द्यायचं तीव्र सलाईन वॉर्डात पातळ करून वापरण्याचा मोह टाळा. हिशेब चुकतो आणि निर्जंतुकपणही राहत नाही.

सिंदफणा (एसएनसीयू म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षाच्या सिस्टर इन्चार्ज, बीड)

डॉक्टरसाहेब, ‘ओलं गॉज ठेवा’ एवढं लिहून भागत नाही, कारण ते ओलं राहतच नाही. रेडियंट वॉर्मरखाली अर्ध्या-पाऊण तासात वाळतं. आपल्याकडे उन्हाळ्यात वॉर्डात कूलर-पंख्याचा झोत असतो, त्यानेही तसंच. वाळलेलं गॉज अस्तराला चिकटतं आणि काढताना वरचा थर सोलून निघतो. मग रक्त बघून घरचे हादरतात.

गॉज चार पदरी, साधारण ५ बाय ५ सेंटिमीटरचं. भिजवून हलकं पिळायचं, नाहीतर पाणी कानात उतरतं आणि मान-खांदे भिजून बाळ गार पडतं. दर अर्ध्या तासाने २ मिलीच्या सिरिंजने, सुई काढून, वरूनच सलाईन सोडायचं. गॉज उचलायची गरज नाही. चार तासांनी बदलायचं, आणि चिकटलेलं वाटलं तर आधी भरपूर भिजवून दोन मिनिटं थांबायचं. कापसाचा बोळा कधीही नको, तंतू सुटून डोळ्यात राहतात.

टेप गालावर लावू नका. नवजाताची कातडी टेपबरोबर निघते. डोक्याला बसणारी ट्युब्युलर पट्टी किंवा सुती टोपी भुवयांपर्यंत ओढून गॉज अडकवा. ती नाकावर घसरत नाही ना हे बघणाऱ्या एका माणसाची नेमणूक करा. नवजात बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. बाळाला हातमोजे घाला, पण बांधायची दोरी मनगटाला घट्ट नको. डोकं थोडं उंच ठेवा, सूज उतरायला मदत होते. पालथं ठेवू नका.

थेंब आधी, मलम नंतर, मध्ये पाच-दहा मिनिटं. उलट केलं तर मलमाच्या थरावरून थेंब ओघळून जातात. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या थेंबांची एकदाच वापरायची कुपी उघडी ठेवून दिवसभर चालवू नका. ट्यूबचं तोंड गोळ्याला टेकवायचं नाही.

अँब्युलन्समध्ये आईजवळ द्यायची पिशवी : सलाईनची छोटी बाटली, दोन मिलीच्या चार सिरिंज, निर्जंतुक गॉजची दोन पाकिटं, मलम, थेंब, आणि कागद. कागदावर जन्माची वेळ, वजन, व्हिटॅमिन के दिल्याची वेळ, शेवटचं मलम कधी, शेवटचं पाजलं कधी. सोबत आशाताई असल्या तर गॉज भिजवायचं काम त्यांना शिकवून पाठवा.

खामकाठ (बालरोगतज्ज्ञ, छत्रपती संभाजीनगर)

वरची दोन्ही उत्तरं नीट आहेत. मी बाकीच्या बाळाबद्दल लिहितो, कारण अशा वेळी सगळ्यांच्या नजरा डोळ्यांवर खिळतात आणि बाळ तपासायचं राहून जातं.

उलटलेल्या पापण्या डाउन सिंड्रोममध्ये जास्त आढळतात. अंग लुळं आहे का, मानेमागची कातडी सैल आहे का, तळहातावर एकच आडवी रेघ आहे का, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांत फट आहे का, छातीत मर्मर (हृदयाचा जादा आवाज) आहे का हे बघा. शंका असेल तर कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) आणि हृदयाची टूडी इको (सोनोग्राफी). यातलं एखादं चिन्ह एकटं असेल तर त्याचा अर्थ लावायची घाई नको. धडधाकट बाळांतही ती सापडतात. घरच्यांपुढे नावाचा उच्चार तपासणीआधी करू नका.

दुसरं, कातडी. अंगावर ताणलेला, चकचकीत, मेणकागदासारखा पापुद्रा असेल तर ते कोलोडियन बाळ. तिथे पापणी उलटण्याचं कारण वेगळं असतं. बाहेरची कातडी ताणून पापणीला ओढते, म्हणून पापणी बसवून पॅड लावला तरी ती टिकत नाही. पापुद्रा दोन ते चार आठवड्यांत आपोआप गळतो. सोलायचा नाही, एरंडेल चोळायचं नाही, सॅलिसिलिक ॲसिडची मलमं लावायची नाहीत, ती कातडीतून रक्तात उतरतात. दमट इन्क्युबेटर, साधं पेट्रोलियम जेली, पाणी आणि सोडियमवर लक्ष, आणि डोळ्यांना वंगण. अशा बाळाला थेट मोठ्या केंद्रात हलवा.

तिसरं, पू. आत्ता नाही हे चांगलं. पण दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत पापण्या एकाएकी टम्म सुजून पिवळा दाट पू वाहायला लागला तर गोनोकोकसचा संसर्ग असू शकतो. तो बुबुळाला भोक पाडायला वेळ लावत नाही. पुवाची ग्रॅम तपासणी करून इंजेक्शन सुरू करावं लागतं, नुसत्या थेंबांवर सोडता येत नाही. बाळाला शिरेतून कॅल्शियम चालू असेल किंवा कावीळ जास्त असेल तर सेफ्ट्रिॲक्सोन टाळतात, त्याऐवजी सेफोटॅक्सिम. हे फोनवर विचारून मगच ठरवा.

निळ्या दिव्याबद्दल. दिवा लागणार असेल तर या डोळ्यांमुळे थांबवू नका. कावीळ मेंदूला इजा करते, पापणी थांबू शकते. आधी वंगण-मलम, त्यावर ओलं गॉज, त्यावर उजेड न जाणारं सैल झाकण. तयार मिळणारी वेल्क्रोची पट्टी घट्ट बांधली तर फास आणखी आवळतो, म्हणून एक माप मोठी घ्या. दिव्याखाली गॉज लवकर वाळतं, सिस्टर म्हणाल्या त्याहून जास्त वेळा भिजवावं लागेल. दर पाजण्याच्या वेळी दिवा बंद करून झाकण काढा आणि डोळे बघा.

आणि व्हिटॅमिन के. १ मिग्रॅ स्नायूत दिलंय याची नोंद हवीच. पुढे कुणी कात्री लावणार असेल तर पहिला प्रश्न तोच विचारतील.

कयाधूकाठ

सगळ्यांचे आभार. व्हिटॅमिन के दिलंय. कातडी साधी आहे, अंग लुळं नाही, मर्मर ऐकू येत नाही. गॉज, मलम, थेंब सुरू केले. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कळवलंय. आमच्याकडे फ्लुरेसिनच्या (बुबुळावरचा ओरखडा दाखवणाऱ्या रंगाच्या) पट्ट्या आहेत. निघण्याआधी बुबुळ बघून घ्यावं का? आणि घरात कुणीतरी डोळ्यात आईचं दूध पिळायचं म्हणतंय.

मांजराकाठ

एक प्रयत्न करा, बाळ निजलेलं असताना. प्रोपॅराकेनचा थेंब टाका. ओल्या कापसाच्या काडीने खालची पापणी खाली घ्या आणि गोळा अलगद वर उचला. फट मिळाली तर पट्टीला एक थेंब सलाईन लावून ती खालच्या पापणीच्या आत टेकवा, बुबुळाला नाही. निळ्या उजेडात बघा, ऑप्थाल्मोस्कोपमध्ये (डोळा तपासायच्या दिव्यात) निळी फिल्टर असते. बुबुळावर हिरवा ठिपका किंवा पट्टा चमकला तर वरचा थर सुटलाय. तसं असेल तर सोडियम क्लोराइडचे ५ टक्क्यांचे थेंब थांबवा, मलमाचा वेळ चार तासांवर आणा आणि पुढच्या डॉक्टरांना ते फोनवर सांगा. फट मिळाली नाही तर जोर लावू नका, गाडीत बसवा.

दूध नको. त्यात साखर असते, ते उघड्या अस्तरावर साचून राहतं, आणि जंतूंना खाद्य होतं. बाळाच्या तोंडात जाऊ द्या, तिथे ते अमृत आहे. काजळ, मध, गुलाबपाणी, तुपाची वात यांतलं काहीही नको. पाचवीला काजळ घालायची रीत असली तर ते यंदा कपाळावर, पायाला लावा असं सांगा. नाही म्हणण्यापेक्षा जागा बदलून दिली की आज्जी ऐकतात.

ग्रहणाचं असं सांगा. गर्भाच्या वरच्या आणि खालच्या पापण्या तिसऱ्या महिन्यात एकमेकींना चिकटतात आणि पाचव्या ते सातव्या महिन्यात सुट्या होतात. हे सगळं आतल्या आत ठरतं, विळी-कात्रीचा त्याच्याशी संबंध नाही. या बाळाच्या पापणीचा स्नायू ढिला राहिला किंवा पापणीचे थर लांबीला कमी-जास्त भरले. बाईने केलं असं यात काही नाही. हे वाक्य नवऱ्यासमोर आणि सासूसमोर, बाळंतीण ऐकत असताना बोला. एकटीला सांगून उपयोग नसतो.

दुधना (आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाचे डॉक्टर, जालना)

विषय निघालाच आहे तर जोडून विचारतो. उलटलेली पापणी कुणाच्याही नजरेतून सुटत नाही. आम्हाला काळजी असते ती न दिसणाऱ्या दोषांची. बाळ डोळे उघडत नाही, घरचे म्हणतात ‘निजतंय लई’, आणि सहाव्या आठवड्यात वरची-खालची पापणी जोडणारा धागा सापडतो. डिलिव्हरी पॉइंटवर आणि आशाताईंच्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवसांच्या भेटींत काय शिकवावं? आणि तो धागा ग्रामीण रुग्णालयात कापावा का?

मांजराकाठ

तुमचा प्रश्न या चर्चेतला सगळ्यात मोलाचा आहे. नजर जाते ती बहुतेक अशाच, साध्या दिसणाऱ्या दोषांनी. आठ-दहा आठवडे बाहुलीपुढे आडोसा राहिला तर मेंदू त्या डोळ्याचं चित्र घ्यायला शिकत नाही, आणि नंतर पापणी कितीही सुंदर केली तरी नजर कमजोर राहते. म्हणून आशाताईंना एकच कृती शिकवा. अंधुक उजेडात, बाळ पिऊन शांत झालं की त्याला उभं धरायचं. बरीच बाळं आपणहून डोळे उघडतात. दोन्ही बाहुल्या पूर्ण दिसल्या का? दोन्ही फटी सारख्या आहेत का? पापणीची कड अखंड आहे का? तिसऱ्या दिवशी जन्माची सूज असते, सातव्या दिवशी ती सबब राहत नाही. सातव्या दिवशीही एक डोळा उघडत नसेल तर पाठवा.

धाग्याबद्दल सविस्तर लिहितो. गर्भात पापण्या सुट्या होताना मध्येच एखादी तार राहून जाते, तोच हा धागा. नेत्रतज्ज्ञ फोन हासनर यांनी १८८१ मध्ये त्याची नोंद केली. तार अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक, लांबी एक ते दहा मिलिमीटर, एक किंवा अनेक, पापणीचे केस आणि तेलग्रंथींची तोंडं यांच्या मधल्या जागेतून निघते. ताणली की रबरासारखी लांबते. बुबुळाला ती चिकटलेली नसते आणि त्यामुळेच सोडवणं सोपं असतं.

कापायला भूल लागत नाही. व्हिटॅमिन के दिल्याची खात्री, बाळ गुंडाळलेलं, मदतनीस डोकं दोन्ही बाजूंनी धरून. प्रोपॅराकेनचा थेंब. मग तारेच्या मागून बोथट स्क्विंट हुक किंवा दुसरं चपटं बोथट हत्यार सरकवायचं आणि तार डोळ्यापासून दूर उचलायची. हे हत्यार म्हणजे बुबुळाची ढाल, ते न घालता कात्री आत न्यायची नाही. बोथट टोकाच्या वेस्टकॉट कात्रीने तार कापायची. रक्त आलंच तर एखादा थेंब, ओल्या काडीने मिनिटभर दाबलं की थांबतं. राहिलेले शेंडे आपोआप सुकतात. अँटिबायोटिक मलम दिवसातून तीन वेळा, पाच दिवस. हाताने ओढून तोडू नका, पापणीची कड फाटून खाच पडते. आणि तारेऐवजी पापण्या रुंद पट्ट्याने, विशेषतः कोपऱ्यात, चिकटलेल्या असतील तर ते काम ऑपरेशन थिएटरचं.

ग्रामीण रुग्णालयात कापावं का? नेत्रतज्ज्ञ भेटीला येणार असतील आणि हुक-कात्री असेल तर अवश्य. नसतील तर आठवड्याभरात पाठवलं तरी नुकसान नाही. रात्री अकराला अँब्युलन्स पळवण्यासारखं हे काम नाही.

तार सुटल्यावर अंधाऱ्या खोलीत, हातभर अंतरावरून ऑप्थाल्मोस्कोपने दोन्ही बाहुल्यांतली लाल चमक बघून नोंदवा. पांढरी किंवा काळी दिसली तर तो वेगळा, तातडीचा विषय.

खामकाठ

तार दिसली की कापण्याच्या आधी बाळ उलटं-पालटं करून बघा. टाळूवर बोट फिरवा आणि टॉर्चने बघाही, मऊ टाळूची फट बोटाला लागत नाही. गुदद्वार उघडं आहे का. गुडघ्यामागे कातडीचा पडदा आहे का. डोक्याची कातडी सोललेली, नखं खुरटी आणि सोबत टाळू फाटलेली असेल तर टीपी६३ जनुकाच्या दोषाचा एईसी विकार असू शकतो. मुठी घट्ट मिटलेल्या, बोटं एकमेकांवर चढलेली, पायाचे तळवे बाहेर फुगलेले आणि वजन फार कमी असेल तर अठराव्या गुणसूत्राची ट्रायसोमी (ते दोनऐवजी तीन असणं), तिथे हृदय आधी तपासा. बहुतेक वेळा मात्र तार एकटीच असते आणि पुढे काही निघत नाही, हेही आईबापांना सांगा.

मांजराकाठ

पापणीच्या बाकीच्या दोषांबद्दल थोडक्यात. पापणीत खाच, म्हणजे कोलोबोमा. वरच्या पापणीत आतला एक तृतीयांश आणि मधला एक तृतीयांश भाग यांच्या सांध्यावर सापडते, कधी गोल्डनहार सिंड्रोमसोबत (चेहरा-कानाचे जन्मजात दोष). कान आणि कानापुढचे कोंब बघा. खालच्या पापणीत बाहेरच्या भागात असेल तर ट्रीचर कॉलिन्स सिंड्रोम असू शकतो, त्यात जबडा लहान असतो, श्वासाकडे लक्ष ठेवा. इथे धोका फक्त बुबुळ उघडं राहण्याचा. झोपेत बघा, जागेपणी नाही. डोळा मिटल्यावर खाचेतून पांढरं दिसतं की बुबुळ? पांढरं दिसलं तर वेळ आहे. बुबुळ दिसलं तर दर दोन तासांनी वंगण-मलम आणि रात्री डोळ्याभोवती मलमाची कड करून त्यावर पारदर्शक प्लास्टिकची ओलसर खोळ, नाक-तोंड पूर्ण मोकळं ठेवून. पापणीच्या पाव लांबीपर्यंतची खाच थेट टाके घालून मिटते, निम्म्यापर्यंत असेल तर बाहेरचा कोपरा सैल करून कातडी सरकवतात. त्याहून मोठी असेल तर अनुभवी ऑक्युलोप्लास्टी (पापण्यांची प्लास्टिक सर्जरी करणारा) सर्जन हवा, कारण खालची पापणी वर शिवून आठवडेच्या आठवडे डोळा झाकण्याची मोठ्यांची पद्धत तान्ह्याच्या नजरेला मारक ठरते. बुबुळ सुरक्षित असेल तर तीन-चार वर्षांपर्यंत थांबता येतं.

वरची पापणी खाली पडलेली असेल तर बाहुली झाकली आहे का एवढंच ठरवा. झाकली असेल तर काही आठवड्यांतच कपाळाच्या स्नायूला सिलिकॉनच्या दोरीने पापणी टांगतात. दूध ओढताना पडलेली पापणी टुणकन वर उडत असेल तर ती मार्कस गन, नसांची अदलाबदल आहे, फिट नव्हे. पापणीची कड आत वळून केस बुबुळाला घासत असतील आणि फ्लुरेसिन चमकत असेल तर थांबू नका. नुसती खालच्या पापणीवर कातडीची घडी असेल आणि बुबुळ स्वच्छ असेल तर वंगणावर सोडा, चेहरा वाढतो तशी ती जाते.

आणि पापणीच नाही, कपाळाची कातडी थेट गालावर उतरली आहे, असं कधी दिसलं तर तिथे काहीही कापायचं नाही. खाली बुबुळ नीट घडलेलं नसतं, कातडी उघडताना डोळाच उघडा पडू शकतो. बोटं जुळलेली आहेत का बघा, मूत्रपिंडांची सोनोग्राफी करा, रडण्याचा आवाज घोगरा असेल तर स्वरयंत्र तपासा. हा फ्रेझर सिंड्रोम दोन्ही आईबापांकडून दोषी जनुक आल्यावर होतो. आपल्याकडे मामाच्या, आत्याच्या घरात सोयरीक होते, म्हणून पुढच्या बाळासाठी जनुकीय सल्ला आणि लवकरची सोनोग्राफी हे सांगणं आपलं काम आहे. दोष न देता सांगा.

सिंदफणा

दुधना डॉक्टर, अशा बाळाचा सरकारी दवाखान्यातला उपचार, औषधं आणि नेण्या-आणण्याची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, आजारी बाळाला एक वर्षापर्यंत. बरेच जण महिनाभरच समजतात आणि नंतरच्या फेऱ्या पदरच्या पैशाने करतात. एक फेरी चुकली की पॅड काढून बुबुळ बघायचं राहतं. डिस्चार्ज कार्डावर पुढची तारीख आणि वॉर्डाचा नंबर लिहून द्या. बाळाचा फोटो नेत्रतज्ज्ञांना एकट्यांना पाठवा, ग्रुपवर टाकू नका. गावात फिरतो आणि लेकरू मोठं झालं तरी पाठ सोडत नाही.

कयाधूकाठ

निघण्याआधी बाळ निजल्यावर फट मिळाली. उजव्या बुबुळावर काही चमकलं नाही, डाव्याचा खालचा अर्धाच दिसला, तो स्वच्छ आहे. तसं कागदावर लिहिलं. दर अर्ध्या तासाने भिजवायचं आशाताईंना दाखवलंय. पापणी एकदा बसल्यावर परत उलटली तर काय, एवढं अजून सांगा. बाळ परत आमच्याकडेच येणार आहे.

मांजराकाठ

उलटते, पहिल्या आठवड्यात एक-दोनदा उलटणं गृहीतच धरा. रडणं, शिंकणं, अंघोळीत चेहरा चोळणं एवढं पुरतं. महिनाभर मालिश करणाऱ्या बाईला भुवया आणि पापण्यांवर हात लावू देऊ नका. उलटलीच तर घाबरून फोन शोधण्याआधी ओलं गॉज. सूज नसेल तर मलम लावून तुम्ही बसवू शकता, कृती वर आहे. दोन-तीन दिवस रोज उलटत राहिली, किंवा तीन आठवड्यांत सूज उतरलीच नाही, तर परत पाठवा. तिथे पापण्या तात्पुरत्या टाक्याने जोडतात किंवा अस्तर खोलवर टाक्यांनी बसवतात. कातडीचा तुकडा लावायची वेळ क्वचित येते. टाका घातलेला असेल तर डोळा लाल होणं, पू, किंवा बाळ उजेडात डोळे घट्ट मिटून रडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी पाठवा, टाका सुटून बुबुळाला टोचत असू शकतो.

डाव्या बुबुळाचा वरचा अर्धा भाग अजून कुणी पाहिलेला नाही. नांदेडला फोन करून तेवढं एक वाक्य सांगा.